केमिकलमध्ये मास्टर्स: माटुंगा, सुरत की मॅग्डेबर्ग? सांगलीकरांनो, सल्ला हवाय

बेदाणा_तासगाव · ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा मोठा होणार आहे, सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातली. आपल्या सांगलीत वालचंद १९४७ पासून आहे, पण तिथे केमिकलची शाखा नाही. म्हणून बी.टेक.ला कोल्हापूर जिल्ह्यात राहिले. सीजीपीए ७.९. गेले चौदा महिने वाळव्याकडच्या एका डिस्टिलरीत शिफ्ट ट्रेनी आहे. काम आवडतं, पण आता अडल्यासारखं झालंय. मॉलिक्युलर सिव्हच्या (स्पिरिटमधलं पाणी धरणाऱ्या दाण्यांच्या) दोन बेडांपैकी एक पाणी शोषतो तेव्हा दुसरा व्हॅक्युमखाली मोकळा होतो, हे मी रोज बघते. ९५ टक्क्यांचं स्पिरिट ९९.५ च्या वर जातं, हेही रोज लिहून काढते. पण सायकल सहा मिनिटांचीच का, आठची का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "कंपनीने तसं लावून दिलंय." मला ते 'का' शिकायचंय.

हातात सध्या तीन गोष्टी आहेत. गेट या प्रवेश परीक्षेच्या स्कोरवर सुरतच्या एनआयटीत एम.टेक.ची जागा मिळालीय. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या यूडीसीटीत, एम.केम.इंजि.साठी अर्ज भरलाय, यादी अजून लागायचीय. आणि जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ऑटो फॉन ग्युरिके विद्यापीठातून केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंगचं प्रवेशपत्र आलंय.

चौथी गोष्ट सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीने गळ्यात घातलीय: अमेरिकेतलं एक विद्यापीठ, स्कॉलरशिप नाही, दोन वर्षांचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे. त्यांच्या मते रँकिंग बघता हीच सगळ्यात चांगली.

आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. अवकाळीनं गेल्या वर्षीचा अर्धा माल गेला. बाबा म्हणतात, "तू कुठं जायचं ते ठरव, पैशाचं माझं मी बघतो." त्यांनी असं म्हटलं की मला जास्तच भीती वाटते. कसं ठरवू?

---

गेटवाला · ९ जून, रात्री ११:१५

अभिनंदन! माझं मत स्पष्ट आहे. एक वर्ष थांब आणि आयआयटी काढ. गेटचा केमिकलचा पेपर १०० मार्कांचा, त्यात १५ अ‍ॅप्टिट्यूड आणि वर इंजिनिअरिंग मॅथ्स. हे दोन नीट केले तरी स्कोर बराच वर सरकतो. आयआयटीच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवर येतात आणि एनआयटीच्या सीसीएमटी या वेगळ्या पोर्टलवर, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज चालू ठेवता येतो. मुंबई आयआयटीत टीएशिपशिवाय (शिकवण्यात मदत) तीन वर्षांची आरए (रिसर्च असिस्टंटशिप) ही वाटही आहे. तिथं लॅब सांभाळायचं काम करत डिग्री होते आणि जाहिरात बघून वेगळी मुलाखत असते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

स्कोर तीन वर्षं चालतो, त्यामुळे आत्ताचा वाया जात नाही.

---

कृष्णाकाठचा · १० जून, सकाळी ६:०५

शिफ्ट सुटल्यावर लिहितोय.

पोरी, मी या लाईनीत बावीस वर्षं आहे. साखर आणि डिस्टिलरीतच राहायचं असेल तर मास्टर्सची गरज नाही, हे आधी सांगून टाकतो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा कोर्स आहे, आमच्याकडचे निम्मे केमिस्ट तिथूनच आलेत. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासूनची. प्रमोशनला तेवढं पुरतं.

पण तू सायकल टायमिंगचा प्रश्न विचारलास म्हणून थांबलो. आमच्यात असला प्रश्न विचारणारी माणसं कमी. स्पेंट वॉशचंच बघ, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर निघतो. तो आटवायला इव्हॅपोरेटर लावतो, महिन्या-दीड महिन्यात नळ्या चोंदतात, मग सीआयपी (न उघडता आतून धुणं), कास्टिक, अ‍ॅसिड आणि शेवटी माणसं आत घालून ब्रश. थर कुठं आधी धरतो, कुठल्या इफेक्टला (टप्प्याला) का जास्त, हे आम्हाला अनुभवानं कळतं, कागदावर मांडता येत नाही. ते मांडणारं माणूस आपल्या भागात पाहिजे. त्यासाठी शिकणार असशील तर जरूर जा.

कुठं जायचं ते इथली शिकलेली मंडळी सांगतील.

---

माटुंगावासी · १० जून, दुपारी १:२०

मूळ मिरजेचा, एम.केम.इंजि. माटुंगा, सध्या नवी मुंबईत एका कंपनीच्या आर अँड डीत. तपशिलात लिहितो.

यूडीसीटी १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नाव आयसीटी झालं. कंपन्यांमधले जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. प्रा. मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव एकत्र येऊन होणाऱ्या अभिक्रियांवर इथे जे काम उभं केलं, त्यामुळे इथल्या प्रयोगशाळेचं आणि उद्योगाचं नातं फार घट्ट आहे. डॉ. माशेलकर इथलेच. पण हे सगळं ऐकून प्रवेश घेऊ नकोस. नाव मोठं असलं तरी दोन वर्षं तुझा रोजचा संबंध एका गाईडशी, एका लॅबशी आणि फार तर चार सीनिअर्सशी येतो.

म्हणून एक काम कर. तिन्ही ठिकाणच्या विभागांची पानं उघड. प्राध्यापकांची यादी घे. प्रत्येकाचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर कशावर आहेत ते नुसतं शीर्षकावरून बघ. एक संध्याकाळ जाते. मी जाताना ते केलं नव्हतं. पहिलं सत्र संपल्यावर कळलं की ज्या विषयासाठी आलो त्यातले सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मग मिळेल तो विषय घेतला. पुढे निभावलं, पण ते एक वर्ष आजही लागतं मनाला.

आणखी एक. तुझं टोपणनाव बेदाणा आहे म्हणून विचारतो, घरी शेड आहे का? असेल तर सुकवण्याच्या विषयाकडे बघ. माटुंग्यात त्यावर बरंच काम झालंय. सोलर कंडक्शन ड्रायर आयसीटीच्याच विद्यार्थ्यांनी बनवला आणि तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला.

@गेटवाला, आयआयटी उत्तमच. पण हिच्याकडे चौदा महिन्यांचा प्लांटचा अनुभव आहे आणि डोक्यात प्रश्न ताजा आहे. आणखी एक वर्ष फक्त रँकसाठी घालवणं मला पटत नाही.

---

गेटवाला · १० जून, दुपारी २:०३

पण पुढे पीएचडी करायची असेल किंवा सार्वजनिक कंपन्यांत जायचं असेल तर गेटचा स्कोर चांगला असलेला बरा. काही कंपन्या थेट गेटवरून घेतात. एवढंच म्हणणं.

---

बेदाणा_तासगाव · १० जून, रात्री ९:३०

@माटुंगावासी दादा, शेड आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि जेवताना बाबांशी त्यावरच बोलणं झालं.

फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडे शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल टाकतात. द्राक्षाचे क्रेट त्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात. मग जाळीच्या रॅकवर पसरतात. लहानपणी मी बुडवायच्या आधीचा मणी बोटात धरून बघायचे, त्यावर पांढरट लव असते, बोटाने पुसली की खालचा हिरवा दिसतो. बुडवल्यावर ती लव जाते आणि मणी चकचकीत होतो. आठव्या-नवव्या दिवशी देठाजवळ पहिल्या सुरकुत्या पडतात. बाबा रॅकमध्ये हात घालून मूठभर दाणे दाबतात आणि सांगतात, "अजून तीन दिवस." चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. अवकाळीची हवा आली की हेच बारा दिवस वीस होतात आणि बेदाणा काळवंडतो. मग तासगावच्या सौद्यात दर पडतो.

तिसऱ्या वर्षाला मास ट्रान्सफरमध्ये शिकले की डिपिंग ऑईलमधलं इथाइल ओलिएट सालीवरच्या मेणाची रचना मोडतं, म्हणून आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. त्या दिवशी वर्गात अंगावर काटा आला होता. पण यात कुणी मास्टर्स करतं हे डोक्यातच नव्हतं. मला वाटायचं संशोधन म्हणजे पेट्रोलियम, पॉलिमर, औषधं.

---

एल्बेकाठचा_मिरजकर · ११ जून, पहाटे ३:१० (इथे रात्रीचे पावणेबारा)

मी मॅग्डेबर्गलाच आहे. तुझ्याच कोर्सला, चौथं सत्र चालू. धागा मैत्रिणीने पाठवला.

आधी चांगलं सांगतो, कारण तुझी वरची पोस्ट वाचून राहवलं नाही. सुकवणं आणि फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (खालून हवा सोडून तरंगत ठेवलेल्या थरात) दाणे तयार करणं, यावर मॅग्डेबर्गला फार जुनं आणि मोठं काम आहे. शिवाय गावातच मॅक्स प्लांक संस्था आहे, गुंतागुंतीच्या तांत्रिक प्रणालींच्या गतिकीवर काम करणारी. क्रिस्टलायझेशनवर, म्हणजे स्फटिक तयार करण्यावर, तिथं मोठा गट आहे. लॅबमध्ये हाताएवढ्या काचेच्या नळीत दाणे उकळत्या पाण्यासारखे वरखाली होतात. त्यावर एका बाजूने कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूने स्प्रे असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तासभर तिथून हललो नाही. तुला हा विषय नक्की आवडेल.

शिकवणी फी नाही. सत्राला थोडा अंशदानाचा भाग भरावा लागतो. सगळ्या जर्मनीत असं नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टीयूनेही आता युरोपबाहेरच्यांना फी लावलीय. एजंट लोक 'जर्मनी फुकट' म्हणून सरसकट सांगतात, ते खरं नाही.

आता पैसे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे आपल्यालाच परत मिळतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर बारा लाख रुपये निघण्याआधी हातात पाहिजेत. एपीएसचं (आपल्या पदव्या तपासणाऱ्या जर्मन दूतावासाच्या केंद्राचं) प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. ते काढलंयस ना? काढलं नसेल तर आजच लाग, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज घेत नाहीत.

तुझ्या ७.९ चं जर्मन ग्रेडमध्ये काय होतं याची बरेच जण चिंता करतात. बव्हेरियन सूत्र सोपं आहे: दहातून तुझे मार्क वजा कर, दहा वजा किमान उत्तीर्ण गुण याने भाग, तीनने गुण, त्यात एक मिळव. किमान ४ धरलं तर २.०५ येतात. हे चांगले आहेत.

आता जे कुणी सांगत नाही ते. कोर्स इंग्रजीत आहे, कारखाना जर्मन भाषेत आहे. कंट्रोल रूममधला माणूस, सेफ्टीची सूचना, अपघाताचा अहवाल, सगळं जर्मन. माझं जर्मन बी-१ आहे, म्हणजे मध्यम पातळीचं. आत्तापर्यंत ४० अर्ज केले. मुलाखती तीन. त्यातल्या दोन ठिकाणी दहाव्या मिनिटाला भाषा बदलली आणि मी अडखळलो. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण ते भाषा शिकण्यात घालवायचे नसतात.

वर काळ कठीण आहे. गॅस महागल्यापासून इथला रासायनिक उद्योग सावरलेला नाही. बीएएसएफ कंपनीने लुडविग्सहाफेनमधला एक अमोनिया प्लांट बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं. आमच्याच राज्यात श्कोपाऊला आणि शेजारच्या बोहलेनला डाऊ कंपनीचे मोठे प्लांट २०२७ च्या अखेरीपर्यंत बंद होणार आहेत. लॉयना, बिटरफेल्ड ही नावं पुस्तकात वाचून आलो होतो. आज तिथले लोकच नोकरी शोधतायत.

मी आल्याचा पश्चात्ताप करत नाही, शिकलो खूप. पण माझ्या डोक्यावर कर्ज कमी होतं. तुझ्या घरचं वाचून मनात आलं ते लिहिलं.

---

पलूसचे_काका · ११ जून, सकाळी ८:४०

माझ्या मुलीसारखी समजून सांगतो, अमेरिकेचा विचार स्कॉलरशिपशिवाय करू नकोस.

माझा मुलगा २०२२ ला गेला. आम्हालाही एका कन्सल्टन्सीने पाठवलं. रँकिंगचा छापील कागद दाखवला, दुसऱ्या दिवशी 'आज फी भरा नाहीतर सीट जाईल' असा फोन. नंतर समजलं की जी विद्यापीठं त्यांना प्रत्येक विद्यार्थ्यामागं कमिशन देतात तीच नावं त्यांच्या यादीत असतात. कमिशन न देणाऱ्या चांगल्या संस्थेचं नावच निघत नाही.

पोरगा हुशार आहे, त्यात शंका नाही. पण केमिकलमध्ये तिकडची मोठी डिपार्टमेंट मुख्यतः पीएचडीलाच पैसे देतात, फी माफ आणि वर महिन्याचा स्टायपेंड. एमएसवाल्यानं स्वतःचे घालायचे. हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. शिकून झाल्यावर काम करायला स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) एकूण तीन वर्षं मिळतात, पण बऱ्याच केमिकल कंपन्या जाहिरातीतच लिहितात की व्हिसा स्पॉन्सर करणार नाही. त्याला सात महिने नोकरी नव्हती. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर हसायचा. त्याची आई फोन ठेवला की रडायची.

आता बरं चाललंय त्याचं. तरी सांगतो, आधी पैसे कोण देणार ते विचार, मग विद्यापीठ.

---

विश्रामबाग_निवृत्त · ११ जून, सकाळी ११:५५

बँकेत तेहतीस वर्षं काढली, शेवटची आठ कर्ज विभागात. बेदाणाताईंच्या वडिलांसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखवा.

शेतजमीन तारण देऊन परदेशी शिक्षणाचं कर्ज मिळेल, असं बहुतेक शेतकरी धरून चालतात. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते आणि शेतजमीन सहसा घेत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यात कलम ३१ नुसार शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला ती त्या कायद्याखाली विकता येत नाही. त्यामुळे अडीच एकर बागेचा सातबारा मॅनेजर बघतो आणि बाजूला ठेवतो. घर, एनए प्लॉट, मुदतठेव किंवा विमा पॉलिसी लागते. हे आधी माहीत असेल तर ऐन वेळी सावकाराकडे जायची वेळ येत नाही. मी ती वेळ आलेली घरं बघितली आहेत.

देशात शिकायचं असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यात निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. संस्थेचं नाव यादीत आहे का ते पोर्टलवर तपासा.

आणि स्टायपेंडला कमी लेखू नका. गेटवाल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये, चोवीस महिने. जवळपास तीन लाख होतात. मेस आणि वसतिगृह त्यात बरंचसं निघतं. कर्ज काढावंच लागलं नाही तर त्यासारखं सुख नाही.

परदेशाचंच ठरलं तर राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज, मराठा समाजासाठी सारथीची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. मात्र क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट असते, मॅग्डेबर्ग त्यात बसणार नाही असं धरून चला. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिला जातीची अट नाही.

---

बेदाणा_तासगाव · ११ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना विश्रामबागच्या काकांची पोस्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोसायटीतल्या सगळ्यांना सांग हे." बाग तारण ठेवायचीच तयारी त्यांनी मनात केली होती, हे मला तेव्हा कळलं.

@एल्बेकाठचा_मिरजकर, एपीएस मार्चमध्येच आलंय. व्हिसाची अपॉइंटमेंट २९ जूनची आहे. माझं जर्मन ए-१ पण पूर्ण नाही.

@माटुंगावासी, तुम्ही म्हणालात तसं काल आणि आज बसून शीर्षकं काढली. वहीत तीन रकाने केले. सुरतच्या रकान्यात आठ, मॅग्डेबर्गच्या अकरा, माटुंग्याच्या सोळा अशी शीर्षकं निघाली जी वाचून 'हे मला करायचंय' असं वाटलं. अमेरिकेच्या त्या विद्यापीठात एक.

सुरतबद्दल कुणी लिहिलं नाही, कुणाला अनुभव आहे का?

---

हजीरा_ते_सातारा · १२ जून, सकाळी ७:१५

मी आहे. साताऱ्याची, सुरत एनआयटीतून एम.टेक. केलं.

सुरतचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जागा. हजीरा शेजारीच, अंकलेश्वर, दहेज तासा-दोन तासांवर. कंपन्या कॅम्पसवर येतात कारण त्यांना लांब यावं लागत नाही. प्रोजेक्टसाठी थेट प्लांटमधला डेटा मिळू शकतो. प्रोसेस डिझाइन, सिम्युलेशन, सेफ्टी याकडे कल असेल तर सुरत घे. माझं तेच होतं, मला उपयोग झाला. तुझ्या वहीतले रकाने बघता तुझा कल लॅबकडे दिसतोय.

प्लेसमेंटबद्दल कुठल्याही संस्थेला विचारशील तेव्हा सर्वात मोठं पॅकेज विचारू नकोस. एम.टेक. केमिकलचे किती जण बसले, किती जणांना लागली, आणि मधला आकडा किती, हे तीनच विचार. बी.टेक.चे आकडे मिसळून सांगतात बऱ्याच ठिकाणी. हे प्लेसमेंट सेलला न विचारता दुसऱ्या वर्षातल्या मुलांना विचार, ती खरं सांगतात.

आणि मुलगी म्हणून एक गोष्ट. मुलाखतीत मला दोनदा विचारलं की रात्रपाळी कराल का. तुझ्याकडे चौदा महिन्यांच्या शिफ्टचा दाखला आहे. तो मास्टर्सइतकाच जपून ठेव.

---

माटुंगावासी · १२ जून, दुपारी १२:४०

सोळा निघाली ना. आता त्यातल्या दोन-तीन प्राध्यापकांना ईमेल कर. "आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे" असलं काही लिहू नकोस, तशी रोज वीस येतात. वर तू इथे शेडबद्दल जे लिहिलंस ना, दोन-तीन मिनिटं बुडवणं, आठव्या दिवशी देठाजवळ सुरकुत्या, अवकाळीत बाराचे वीस दिवस, ते जसंच्या तसं लिही. आणि खाली एकच प्रश्न: हवेतली आर्द्रता वाढल्यावर नेमकं काय अडतं, सालीतून पाणी बाहेर येणं की सालीवरून हवेत जाणं? यावर कुणी मोजमाप केलंय का?

आणि जमलं तर प्रत्यक्ष जाऊन ये. महालक्ष्मी पकड, सकाळी मुंबईत.

---

बेदाणा_तासगाव · २१ जून, रात्री ११:०५

जाऊन आले. बाबाही आले होते, ते ऐकेचनात.

ज्या सरांना लिहिलं त्यांनी चौथ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर दिलं, "या, विद्यार्थ्यांना भेटा, मी दुपारी आहे." लॅब फार मोठी नाही. मला वाटलं होतं सगळं चकाचक असेल. टेबलं जुनी, एका कोपऱ्यात ट्रे ड्रायर, त्याच्या दाराला कापडी पट्टी बांधलेली. पण पीएचडी करणारी एक ताई अर्धा तास आमच्याबरोबर बसली. तिने वजनकाट्यावर टांगलेला एक ट्रे दाखवला. दर मिनिटाला वजन उतरतं, ते संगणकावर रेषेसारखं दिसतं. सुरुवातीला रेष सरळ, मग एका जागी वळते आणि सपाट होत जाते. "इथपर्यंत पाणी वरचं असतं," ती म्हणाली, "इथून पुढे आतलं."

बाबा पुढे वाकून त्या वळणावर बोट ठेवून म्हणाले, "हा आमचा आठवा दिवस."

ती ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग सरांना बोलावून आणलं. पुढची वीस मिनिटं सर आणि बाबाच बोलत होते, रॅकमधलं अंतर, शेडला नेट कुठल्या बाजूला, गंधकाची धुरी कधी. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या वर्षातल्या चार मुलामुलींना @हजीरा_ते_सातारा ताईंचे तीन प्रश्न विचारले. सगळ्यांना नोकरी लागलेली नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं.

यादी लागायला वेळ आहे. सुरतची जागा तोवर धरून ठेवली आहे. जर्मनीची अपॉइंटमेंट आज रद्द केली. मॅग्डेबर्गच्या विद्यापीठाला यंदा येत नाही म्हणून कळवलं. जर्मन मात्र सोडणार नाही, माटुंग्यात गेले तर दादरला क्लास शोधीन. कन्सल्टन्सीचे फोन अजून चालू आहेत.

---

एल्बेकाठचा_मिरजकर · २२ जून, पहाटे २:३०

वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पीएचडीला ये. तोवर मी इथे असलो तर स्टेशनवर घ्यायला येईन.

---

पलूसचे_काका · २२ जून, सकाळी ९:००

बापाचं बोट त्या रेषेवर, हे वाचून डोळ्यात पाणी आलं.

---

बेदाणा_तासगाव · १८ जुलै, दुपारी ४:१२

माटुंगा. नाव लागलं. कागदपत्रांची तपासणी सोमवारी. विषय सत्रानंतर ठरेल, पण सरांनी सांगितलंय की पुढच्या हंगामात शेडमध्ये वजनाचा सेन्सर लावून बघू.

डिस्टिलरीतला शेवटचा दिवस ३१ ला.

---

कृष्णाकाठचा · १८ जुलै, रात्री ८:५०

लई भारी पोरी. जायच्या आधी एका रविवारी आमच्याकडं ये. प्लांट बंद आहे, इव्हॅपोरेटर उघडलाय. तिसऱ्या इफेक्टच्या नळ्यांत थर कसा बसलाय ते डोळ्यांनी बघ. खरवडून बाटलीत भरून देतो, तुमच्या लॅबमध्ये तपासा काय हाय ते.

---

बेदाणा_तासगाव · १८ जुलै, रात्री ९:०१

येते काका. किती वाजता?

---

कृष्णाकाठचा · १८ जुलै, रात्री ९:०४

सातला. सेफ्टी बूट घालून ये. दोन बाटल्या आण, वरच्या नळीतला वेगळा, खालचा वेगळा.